दुसऱ्याच्या वतीने चढलेला डोंगर

भारतीय कर्मसिद्धांताचा हिशेब मोठा कडक आहे. ज्याने कर्म केले त्यालाच फळ मिळावे, केलेले वाया जाऊ नये आणि न केलेले कोणाच्या पदरात पडू नये, अशी त्याची मांडणी असून ती मोडल्यास जे दोन दोष उद्भवतात त्यांना दर्शनकारांनी ‘कृतनाश’ आणि ‘अकृताभ्यागम’ अशी नावे दिली आहेत. पहिल्यात कर्त्याचे फळ बुडते, तर दुसऱ्यात ज्याने काही केले नाही त्याच्या दारी ते आयते येते. आत्मा देहाबरोबर संपत नाही आणि या जन्मीचे देणे पुढच्या जन्मी फेडावे लागते, हे सिद्ध करताना याच दोन दोषांचा धाक घालण्यात येतो. पण ज्या परंपरेने हा हिशेब बसवला तीच परंपरा मुलाने दिलेल्या पिंडाने बाप तृप्त होतो असेही मानते, आणि ही विसंगती चार्वाकांच्या नजरेतून सुटली नाही. चौदाव्या शतकातील ‘सर्वदर्शनसंग्रह’ या ग्रंथात त्यांचा जो पक्ष मांडला आहे त्यात एक खोचक प्रश्न येतो: इथे वाढलेल्या अन्नाने स्वर्गातले पितर तृप्त होत असतील, तर वरच्या गच्चीवर बसलेल्या माणसासाठी खालच्या मजल्यावर ताट वाढून का भागत नाही?

चार्वाकांची गच्ची फार उंच नसावी. हाच प्रश्न ३७७६ मीटर उंचीच्या डोंगरावर नेला आणि उलट दिशेने विचारला, म्हणजे वर पोचलेल्याचे फळ खाली राहिलेल्याला मिळते का असा केला, तर त्याला एक वेगळीच धार येते. जपानच्या फुजी पर्वताभोवती वाढलेल्या धर्माचाराने या प्रश्नाचे उत्तर शतकानुशतके ‘मिळते’ असे दिले आहे आणि त्यासाठी चोख व्यवस्थाही उभी केली आहे. आज नोकरीनिमित्त तोक्योत राहणारे आणि उन्हाळ्यातल्या एखाद्या शनिवारी मित्रांबरोबर फुजी चढायला निघणारे मराठी तरुण या व्यवस्थेच्या खुणांमधूनच चालत असतात, मग त्यांना तिची माहिती असो वा नसो.

फुजी हा ज्वालामुखी असून त्याचा शेवटचा उद्रेक १७०७ साली झाला. शिंतो परंपरेत तो कोनोहानासाकुया-हिमे या देवीचे स्थान आहे. बौद्धांनी त्याच्या माथ्यावर दाइनिची, म्हणजे संस्कृत ग्रंथांतील महावैरोचन बुद्ध, पाहिला आणि विवराच्या कडेवरील आठ शिखरांना अष्टदल कमळाच्या पाकळ्या मानले. १८६८ नंतर मेइजी राजवटीने शिंतो आणि बौद्ध दैवते सक्तीने विभक्त केली तेव्हा डोंगरावरच्या बुद्धमूर्ती हटवण्यात आल्या. डोंगराची मालकी मात्र आजही देवाकडे आहे. चढाईच्या वाटेवरील आठव्या टप्प्यापासून वरची बहुतेक जमीन फुजिसान होंगू सेंगेन या देवस्थानाची असल्याचा निर्वाळा जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७४ मध्ये दिला, आणि इनामजमिनींचे खटले पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलेल्या मराठी वाचकाला यात नवल वाटण्याचे कारण नाही.

या डोंगराची भक्ती एदो काळात, म्हणजे सतराव्या ते एकोणिसाव्या शतकात, ज्या मंडळांतून पसरली त्यांना ‘फुजी-को’ म्हणत. ‘को’ हा शब्द बौद्ध प्रवचनासाठी जमणाऱ्या मंडळीवरून आला असला तरी व्यवहारात त्याचे रूप आपल्याकडच्या भिशीच्या फार जवळ होते. एका गल्लीतले किंवा एका धंद्यातले लोक ठरावीक वर्गणी साठवत, दरवर्षी चिठ्ठ्या टाकत, आणि ज्यांची नावे निघत ते मोजके सभासद सर्वांच्या पैशाने, सर्वांच्या वतीने फुजी चढून येत. या वतीने जाण्याला ‘दाइसान’ म्हणजे प्रतिनिधी-दर्शन असे नाव होते. पुढच्या वर्षी दुसऱ्यांची पाळी येई. एदो शहरात अशी आठशे आठ मंडळे असल्याची म्हण रूढ झाली होती. हा आकडा मोजून काढलेला नसून ‘पुष्कळ’ या अर्थाचा आहे. यात्रेकरू पांढरी वस्त्रे घालत, हाती लाकडी काठी घेत, पुढे ‘सेनदात्सु’ हा जाणता वाटाड्या चाले आणि डोंगराच्या पायथ्याशी फुजियोशिदा गावात ‘ओशी’ नावाचे वंशपरंपरागत पुरोहित त्यांची उतरण्याची, जेवणाची आणि पूजेची सोय लावत. नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांशी ज्यांचा कधी संबंध आला आहे त्यांना ओशींचा धंदा समजावून सांगावा लागणार नाही.

चढताना सर्वांनी मिळून म्हणायचा एक घोष असे: ‘रोक्कोन शोजो’, अर्थात सहा मुळे शुद्ध होवोत. ही सहा मुळे म्हणजे बौद्ध शास्त्रातली षडिंद्रिये, चक्षू, श्रोत्र, घ्राण, जिव्हा, काय आणि मन, आणि मनाला सहावे इंद्रिय मानण्याची ही पद्धत थेट भारतातून चीनमार्गे तेथे पोचलेली आहे. काहीतरी जड उचलताना किंवा दमून खाली बसताना जपानी म्हातारीच्या तोंडून आपोआप निघणारा ‘दोक्कोइशो’ हा उद्गार याच घोषाचा झिजलेला अवशेष आहे, अशी एक लोकव्युत्पत्ती सांगतात. ती खरी असो वा नसो, चढावर धापा टाकताना शुद्धीचा मंत्र आणि ‘अगं आई गं’ यांच्यातले अंतर कमी होते एवढे तरी ती बरोबर ओळखते.

वतीने जाण्याच्या या आचाराला भारतीय धर्मशास्त्रातही जागा आहे, आणि ती अगदी अपूर्णांकांत मोजलेली आहे. भारतरत्न पांडुरंग वामन काणे यांनी आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या चौथ्या खंडात तीर्थयात्रेवरील जी स्मृतिवचने एकत्र केली आहेत, त्यांत असा निवाडा सापडतो की जो दुसऱ्यासाठी तीर्थाला जातो त्याला स्वतःला फळाचा सोळावा हिस्सा मिळतो, आणि जो ‘प्रसंगाने’, म्हणजे व्यापारासारख्या अन्य कामासाठी गेलेला असताना जाता जाता तीर्थ करतो, त्याला निम्मे फळ मिळते. शिवाय ज्याला येता येत नाही त्याची दर्भाची प्रतिकृती करून ती तीर्थाच्या पाण्यात बुडवली, तर ज्याच्या नावाने बुडवली त्याला आठवा हिस्सा पोचतो. आधुनिक वाचकाला ही वाटणी वाण्याच्या वहीतली वाटेल, पण तिच्यात एक समंजसपणा आहे. सगळे फळ कर्त्याचेच असे ती म्हणत नाही, आणि फळ पूर्णपणे देऊन टाकता येते असेही म्हणत नाही. जो चालला त्याच्या पायांना काहीतरी लागतेच, ते कोणी पैसे देऊन विकत घेऊ शकत नाही, हे त्या सोळाव्या हिश्श्यात मान्य केलेले आहे.

दर्भाच्या प्रतिकृतीचे जपानी भावंड एदो शहरातच उभे राहिले, फक्त तेथे माणसाची प्रतिकृती न करता डोंगराची केली गेली. १७७९ साली ताकादा येथे फुजी-कोच्या अनुयायांनी छोटा फुजी रचला, आणि त्यानंतर ‘फुजिझुका’ नावाच्या अशा टेकड्या शहरभर झाल्या. त्यांवर खऱ्या फुजीवरून आणलेले लाव्हाचे काळे सच्छिद्र दगड बसवत, वाटेवर टप्पे आखत आणि माथ्यावर छोटे देऊळ ठेवत. १७८९ साली बांधलेली अशी एक टेकडी तोक्योतील सेंदागाया भागात हातोनोमोरी हाचिमान देवळाच्या आवारात आजही असून ती दोन-तीन मिनिटांत चढून होते. वृद्ध, आजारी आणि लहान मुले यांची सोय या टेकड्यांनी झाली, आणि स्त्रियांचीही झाली, कारण खऱ्या फुजीच्या माथ्यावर स्त्रियांना १८७२ पर्यंत बंदी होती. बंदी असताना, १८३२ साली, ताकायामा तात्सु नावाची स्त्री पुरुषवेषात माथ्यावर जाऊन आली. प्रतिकृतीवर भागवण्याचा सल्ला ज्याला दिला जातो तो अशक्त असतोच असे नाही, कधी कधी त्याला नुसते अडवलेले असते. प्रतिनिधित्वाच्या कोणत्याही तत्त्वज्ञानाने हा फरक नजरेआड करता कामा नये, आणि स्मृतिवचनांच्या अपूर्णांकांत त्याला रकाना नाही.

आता या सगळ्या मांडणीला शरीराकडून येणारा आक्षेप पाहावा लागतो. फुजीच्या माथ्यावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे दोन-तृतीयांश भरतो. योशिदा वाटेचा पाचवा टप्पा, जेथपर्यंत बस जाते आणि जेथून हल्लीचे बहुतेक लोक चढायला सुरुवात करतात, तो सुमारे २३०० मीटरवर आहे, म्हणजे बसमधून उतरणारा माणूस १६४६ मीटरच्या कळसूबाईच्या माथ्यापेक्षा कितीतरी वर उभा असतो आणि अजून त्याने पाऊलही टाकलेले नसते. सुमारे २५०० मीटरनंतर विरळ हवेचा त्रास कोणालाही होऊ शकतो. डोके ठणकते, मळमळते, झोप लागत नाही. या त्रासाचे वैशिष्ट्य असे की तो तंदुरुस्ती विचारत नाही, आणि त्यामुळे सह्याद्रीत राजगड-तोरणा एका दमात केलेला गडी बसून राहतो, तर ज्याला सगळ्यांनी गृहीत धरलेले नसते तो वर पोचतो. यावर भरवशाचा उपाय एकच, खाली उतरणे. मित्राच्या पाठीवरची पिशवी घेता येते, त्याला पाणी देता येते, हात देता येतो, पण त्याच्या वाटचा श्वास घेता येत नाही. चार्वाकांची गच्ची इथे पुन्हा समोर येते.

परदेशात जमलेला मित्रांचा गट या प्रसंगी विशेष अवघड जागी सापडतो. तोक्योच्या एदोगावा भागात, निशी-कासाईच्या आसपास, भारतीयांची मोठी वस्ती आहे आणि तिच्यात संगणक-क्षेत्रात काम करणारे बरेच आहेत. तेथे तयार होणाऱ्या मैत्रीला ना भाऊबंदकीचा आधार असतो ना एका गावचा. एकच भाषा, एकच रेल्वेमार्ग आणि गणपतीला एकत्र केलेले उकडीचे मोदक एवढ्यावर ती उभी असते, आणि तिच्याकडून मात्र कधी आजारपणात, कधी घर बदलताना, नातलगांची सगळी कामे अपेक्षित असतात. असा सहा-सात जणांचा गट दुपारी पाचव्या टप्प्यावरून निघतो, सातव्या-आठव्या टप्प्याच्या दरम्यान एखाद्या विश्रामगृहात खांद्याला खांदा लावून काही तास आडवा होतो, आणि ‘गोराइको’ म्हणजे माथ्यावरचा सूर्योदय गाठण्यासाठी रात्री एक-दोनच्या सुमारास डोक्याला दिवे बांधून पुन्हा चालू लागतो. वर पाहिले तर दिव्यांची एक वळणावळणाची रांग दिसते आणि ती हलते आहे की थांबली आहे हे कळत नाही. नेमक्या याच वेळी गटातला एक जण दगडावर बसतो आणि तुम्ही पुढे व्हा म्हणतो.

सह्याद्रीतल्या ट्रेकमंडळांनी या क्षणासाठी एक माणूस नेमलेला असतो. गटाच्या शेवटी चालणाऱ्या, कोणालाही मागे राहू न देणाऱ्या त्या अनुभवी माणसाला तेथे ‘बॅकलीड’ म्हणतात, आणि माथ्यावर तोच सर्वांत शेवटी पोचतो किंवा पोचतही नाही. परदेशातल्या हौशी गटात हे काम कोणाकडेच दिलेले नसते, म्हणून ते प्रश्न होऊन सर्वांपुढे येते. एक रात्र न झोपता एका दमात चढून येण्याची, जपानीत जिला बंदुकीच्या गोळीची उपमा देतात ती, पद्धत धोकादायक ठरल्याने योशिदा वाटेवर २०२४ पासून शुल्क आणि दिवसाला ४००० जणांची मर्यादा आली, आणि २०२५ मध्ये सर्वच वाटांवर ४००० येन शुल्क झाले. सरकार गर्दी मोजू शकते. आठव्या टप्प्यावर कोणी कोणासाठी थांबावे हे ठरवणे त्याच्या आवाक्यातले नाही.

महाभारताने हा प्रसंग सर्वांत कठोरपणे रंगवला आहे. सतराव्या म्हणजे महाप्रस्थानिक पर्वात पांडव हिमालय ओलांडून निघतात आणि आधी द्रौपदी, मग सहदेव, नकुल, अर्जुन आणि अखेर भीम असे एकेक जण कोसळतात. प्रत्येक पतनाला भीम कारण विचारतो, युधिष्ठिर प्रत्येकाचा एक दोष सांगतो आणि मागे वळून न पाहता चालत राहतो. कर्मसिद्धांताचा इतका कोरडा वापर दुसरीकडे क्वचितच आढळेल. पण तोच युधिष्ठिर, मागे लागलेल्या कुत्र्याला सोडून इंद्राच्या रथात बसायला नकार देतो, आणि पुढच्या स्वर्गारोहण पर्वात नरकातून येणारे आवाज आपल्या भावांचे असल्याचे कळल्यावर तेथेच राहायचे ठरवतो. त्या नरकातल्या जीवांनी त्याला केलेली विनवणी लक्षात घेण्याजोगी आहे. तू उभा आहेस तोवर तुझ्या अंगावरून येणाऱ्या वाऱ्याने आमच्या वेदना शमतात, म्हणून थांब, असे ते म्हणतात. डोंगरावर ज्याने प्रत्येकाचे फळ प्रत्येकाला चोख मोजून दिले, त्याचे स्वतःचे पुण्य येथे नुसत्या उभे राहण्याने इतरांना लागू पडते. मार्कंडेय पुराणातील विपश्चित राजाने तर नरकवासीयांसाठी आपले सारे पुण्य देऊन टाकल्याची कथा आहे. हिशेब लिहिणाऱ्या परंपरेनेच तो फाडूनही ठेवला आहे.

बौद्ध विचाराने या कोड्यासाठी दोन संज्ञा घडवल्या. एक ‘परिणामना’, म्हणजे आपल्या पुण्याचा रोख दुसऱ्याकडे वळवणे. जपानीत हिलाच ‘एको’ म्हणतात आणि प्रार्थनेच्या शेवटी ती केली जाते. दुसरी ‘अनुमोदना’, म्हणजे दुसऱ्याने केलेल्या पुण्यकर्माबद्दल मनापासून आनंद मानणे. परिणामनेवर कृतनाशाचा आक्षेप घेता येतो, कारण दिले ते गेले. अनुमोदनेवर मात्र दोन्ही आक्षेप लागू पडत नाहीत. कर्त्याचे काही कमी होत नाही, म्हणून कृतनाश नाही. आणि आनंद मानणे हे स्वतःच एक मानसकर्म असल्याने त्याचे फळ मिळणे हे न केलेल्याचे मिळणे ठरत नाही, म्हणून अकृताभ्यागमही नाही. खाली राहिलेल्याला मित्राच्या चढाईचे फळ मिळत नाही. त्याला आपल्याच कर्माचे मिळते, आणि ते कर्म मित्राच्या चढाईवाचून घडले नसते. फुजी-कोची सारी व्यवस्था या अंगाने पाहिली तर चार्वाकांचा प्रश्न निकालात निघतो, कारण वर्गणी भरणारा, चिठ्ठी न निघताही निरोप द्यायला येणारा आणि परतलेल्यांच्या तोंडून वर्णन ऐकणारा यांपैकी निष्क्रिय कोणीच नसतो.

पंढरीला निघालेल्या वारकऱ्याला गावात ‘पांडुरंगाला आमचा नमस्कार सांगा’ असे बजावणारे आणि तो परतल्यावर बुक्का लावून घेत त्याच्या पायांना हात लावणारे लोक हेच करतात. काशीयात्रेहून आल्यावर गंगापूजन करून आप्तेष्टांना जेऊ घालण्याच्या विधीला मराठीत ‘मावंदे’ हा स्वतंत्र शब्द आहे, आणि ते केल्यावाचून यात्रा पुरी झाली असे कोणी म्हणत नसे. न गेलेल्यांच्या पंगतीवाचून गेलेल्याची यात्रा अपुरी राहते हा त्यामागचा समज कर्मसिद्धांताच्या कोणत्याही सूत्रापेक्षा अधिक धीट आहे.

मात्र अनुमोदना सोपी समजण्याचे कारण नाही. आठव्या टप्प्यावरच्या दगडावर बसलेल्या माणसाच्या मनात आनंदाच्या आधी लाज येते, मग राग येतो आणि मग इतके पैसे व इतक्या सुट्ट्या खर्चून आल्याचा हिशेब येतो. त्याच्यासोबत थांबणाऱ्या मित्राचीही कसोटी वेगळी नसते. थांबल्याचा उल्लेख पुढे पाच वर्षे प्रत्येक मेजवानीत करणाऱ्याने न थांबलेलेच बरे, कारण त्याने दिलेले पुण्य व्याजासकट परत मागितलेले असते. रोक्कोन शोजोच्या घोषात मन शेवटी का ठेवले आहे, याचे एक उत्तर येथे मिळते. डोळे, कान, नाक, जीभ आणि अंग थंडीने व धापेने कसे का होईना वठणीवर येतात, सहाव्या मुळाला उंचीचा काही उपयोग होत नाही.

फुजीवर विकली जाणारी काठी आठ बाजूंनी तासलेली, साध्या पांढऱ्या लाकडाची असते. तिचे नाव ‘कोंगो-झुए’, म्हणजे वज्रदंड. प्रत्येक विश्रामगृहात शेगडीत लोखंडी छाप तापवत ठेवलेले असतात. काही येन दिले की तेथला माणूस काठी आडवी धरून लाल झालेला छाप दाबतो, चर्र आवाज होतो, जळक्या लाकडाचा वास येतो, आणि त्या ठिकाणाचे नाव व उंची काठीवर काळ्या अक्षरांत उमटते. वरच्या टप्प्यांचे छाप वर चढत जातात आणि माथ्यावरच्या देवळाची खूण सर्वांत शेवटी पडते. आठव्या टप्प्यावर थांबलेल्याने आपली काठी पुढे जाणाऱ्याच्या हाती दिली आणि सकाळी ती माथ्याची खूण घेऊन खाली आली, तर त्या लाकडावर कोणता छाप कोणाच्या पायांनी मिळवला हे कोणालाही ओळखता येणार नाही. दर्भाच्या प्रतिकृतीचा नियम लावायचा झाला तर आठव्या टप्प्यावर बसून राहिलेल्या या माणसाच्या वाट्याला माथ्याचा आठवा हिस्सा येतो, आणि काठी वाहून आणणाऱ्याचा सोळावा वेगळा.